मलप्पाची जन्मतारीख

मलप्पाची जन्मतारीख मी लिहिली. एक जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर. ती खोटी आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. त्या काळी आम्ही बहुतेक गुरुजी तसंच करायचो. आईबाप जूनमध्ये पोराला धरून शाळेत आणायचे. कधी जन्मला विचारलं तर "पोळ्याच्या आदल्या दिशी" म्हणायचे. कुठल्या सालचा पोळा, ते कुणाला सांगता येत नसे. मग पोराला सहा वर्षं पुरी होतील असं साल धरायचं आणि पुढे एक जून टाकायचं. देवसांगवीचं निम्मं गाव माझ्या हातून एक जूनला जन्मलेलं आहे. दोन वर्षं कमी धरली तर पोराला पुढे नोकरीला वय मिळतं, म्हणून आईबापही खूश असायचे. आपण भलं काम केलं असं मलाही वाटायचं.

ती तारीख त्रेचाळीस वर्षांनी नांदेडला माझ्या दारात आली, पांढऱ्या मोटारीत बसून.

मलप्पाला आता मलप्पा कुणी म्हणत नाही. लातूरला त्याचे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लासेस आहेत, तिथे तो एम. बी. सर. नांदेडलाही त्याची शाखा निघाली आहे. आमच्या गच्चीवरून त्याचं होर्डिंग दिसतं. छातीवर हात बांधून उभा आणि मागे पास झालेल्या पोरांचे गोल गोल फोटो. नापास झालेल्यांचे फोटो कुठे लावतात, हा प्रश्न मला ते पाहून पुष्कळदा पडला. कुणाला विचारला मात्र नाही.

तो वाकून पाया पडला. शाल दिली, पेढे दिले. मग टेबलावर एक जाड, गुळगुळीत पुस्तिका ठेवली.

"गुरुजी, मी आता बाहेर जाऊन राहायचं म्हणतो."

"बाहेर म्हणजे पुण्याला?"

तो हसला. "पुण्याला कोण जातं आता?"

पुस्तिका एका समुद्राकाठच्या देशाची होती. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, त्याचा यात काही दोष नाही. परदेशातल्या श्रीमंत माणसांनी तिथे येऊन राहावं म्हणून एक सदस्यत्व काढलेलं होतं. एकदा रक्कम भरली की वीस वर्षं राहायचा परवाना. विमानतळावर वेगळी रांग, नावाची पाटी धरून उभा असलेला माणूस, वर्षातून एकदा दवाखान्यात पूर्ण तपासणी, हिरवळीवरचे खेळ. प्रत्येक पानावर पांढऱ्या केसांची गोरी जोडपी समुद्राकडे बघत होती. पायांत कुणाच्याच चपला नव्हत्या.

"पन्नाशीपुढच्यांसाठी यात एक वेगळा वर्ग आहे," मलप्पा म्हणाला. "निम्म्यात काम होतं. पण यंदाचे अर्ज मार्चअखेर बंद होतायत. आता कागदावर मी अठ्ठेचाळीसचा आणि खरा एक्कावन्नचा. तुम्हाला तर माहीतच आहे."

"माहीत आहे."

"मग तेवढंच लिहून द्यायचं. खरं तेच. आणि उद्या माझ्याबरोबर गावाला यायचं. अव्वाचा अंगठा लागतो, आणि तुम्ही वाचून दाखवल्याशिवाय ती कशावर अंगठा देत नाही."

ते खरं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावात कागदांचा पाऊस पडला होता. घराचे कागद, धान्याचे कागद, मेलेल्यांचे कागद. साहेब लोक पॅड पुढे करायचे आणि लोक अंगठे देत सुटायचे. मलप्पाची अव्वा म्हणजे आई, शिवकांताबाई, पहिल्यांदा म्हणाली, "गुरुजींनी मोठ्यानं वाचल्याबिगर अंगठा न्हाई." मग सगळं गावच तसं करू लागलं. मी वर्षभर पत्र्याच्या शेडपुढे बसून कागद वाचत होतो. माझ्या आयुष्यात उपयोगाचं म्हणावं असं एवढंच काम माझ्या हातून झालं असेल.

मलप्पा गेल्यावर माझी बायको राजश्री आतून म्हणाली, "हो म्हणालात ना?"

"खरं तेच लिहायचं आहे."

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हेही खरंच आहे," ती म्हणाली आणि पेढ्यांचा डबा फडताळावर ठेवून मोकळी झाली.

सकाळी निघालो. गाडी चालवायला लातूरचा हनीफ होता, पन्नाशीचा, पान खाऊन ओठ लाल झालेला. मलप्पा माझ्या शेजारी मागे बसला. अहमदपूर गेल्यावर मी धीर करून विचारलं, "तिथे तू करणार काय?"

"काहीच नाही. त्या परवान्यावर काम करायला बंदीच आहे. तीच तर मजा आहे, गुरुजी. वीस वर्षं मी पहाटे पाचला उठून बॅचेस घेतल्या."

"तिकडं पाणी रोज येतं म्हनत्यात, सर," हनीफ आरशातून म्हणाला.

"रोज काय, चोवीस तास."

"मग मेल्यावर जायचं ते तुमी आत्ताच चाललाव म्हना की."

मलप्पा मोठ्यानं हसला. मी हसलो नाही. लातूर आलं होतं. सायकलींवर, पायी, पाठीला दप्तरं लावलेली पोरं चालली होती. निलंग्याची, मुखेडची, शिरूर अनंतपाळची, एकेका खोलीत चार-चार राहणारी. मलप्पानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला. पण ज्यानं कधी काही उभं केलं नाही, त्याला रागवायचा हक्क काय, असं वाटून मी गप्प बसलो.

"अव्वाला नेणार?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"आईबापाला जोडता येतं. पुस्तिकेत आहे ते." त्यानं खिडकीची काच खाली-वर केली. "पण तिला करमायचं नाही तिथं. भाषा नाही, भाकरी नाही."

"विचारलंस तिला?"

"गुरुजी, तुम्ही क्लासच्या पोरांच्या पालकांसारखं खोदून विचारू नका."

भूकंपात देवसांगवी सगळी बसली. नवी देवसांगवी माळावर वसवली, सरळ रस्ते आणि सिमेंटची एकसारखी घरं. तोवर दोन उन्हाळे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. तिथे राहायलाही कार्ड होतं. कार्डावर घरातली माणसं लिहायची, आणि मेलेल्यांच्या नावांवर रेघ. शिवकांताबाईच्या कार्डावर चार नावं होती आणि दोन रेघा. एक नवरा, एक अकरा वर्षांची मुलगी, शिवगंगा. मलप्पा तेव्हा लातूरला वसतिगृहात होता म्हणून वाचला. मी गणपतीसाठी नांदेडला घरी आलो होतो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा शाळेच्या भिंती आडव्या होत्या आणि लोखंडी कपाट चेपलं होतं. त्यातून मी दाखल-खारीज रजिस्टर ओढून काढलं. शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ असते: नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला आणि शेवटी शेरा. एकतीस ओळींपुढे मी शेरा लिहिला, 'मयत, ३०/९/९३'. अक्षर नीट यावं म्हणून सावकाश लिहिला. कित्येक घरांत पोरांचा एक फोटोही उरला नव्हता. शिवगंगेचाही नव्हता.

गावात शिरताना मलप्पानं गाडी शाळेपाशी थांबवायला सांगितली. "दहा मिनिटं. हेडमास्तरांना भेटून येतो." गेल्या वर्षी त्यानं शाळेला दहा संगणक दिले होते. हेडमास्तर फाटकापर्यंत धावत आले.

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. हनीफनं डिकी उघडली, त्यानं ते आत ठेवलं आणि डिकी दाबून लावली. गुंडाळी लांबट होती. कोपरे गोल झालेले. मी ती वही पंधरा वर्षं हाताळलेली आहे.

मी स्वतःशी म्हणालो, सत्काराचा अल्बम असेल. साड्या असतील. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो!

शिवकांताबाई अंगणात हरभऱ्याचे डहाळे सोलत बसली होती. आम्ही एकाच वयाची, सत्तर-एक्काहत्तरची. तिनं मलप्पाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गुरुजी आल्यात म्हंजे कागूद हाय. चहाला आलाव असं म्हनू नका."

"कागदच आहे, शिवकांताबाई."

"मल्या, दिवाळीला आला न्हाईस तू."

"अव्वा, बॅचा होत्या."

"हां, बॅचा." तिनं दोन दाणे तोंडात टाकले. "हनीफ, तू खा रं बाबा. ह्यो काय खायचा न्हाई, ह्याचं पोट आता लातूरचं झालंय."

मलप्पानं कागद काढून माझ्या हाती दिला. शंभराचा बाँड, वर टाईप केलेला मजकूर. वाटेत मी एकदा मागितला होता तर म्हणाला होता, तिथंच वाचा की. खाली दोन जागा होत्या, एक तिच्या अंगठ्याला, एक माझ्या सहीला. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो.

पहिलं कलम नावागावाचं, आणि समुद्राकाठच्या त्या देशात राहायला जाण्यासाठी हा कागद आहे याचं. दुसरं, की अर्जदाराचा जन्म प्रत्यक्षात १९७२ सालच्या जानेवारीत झाला.

"ते खरं हाय," ती म्हणाली. "दुष्काळात मी तळ्याच्या कामावर खडी फोडायची, तवा ह्यो रांगत व्हता. मला मिळालेली सुकडी ह्योच खायचा. खाऊन खाऊन असा झालाय."

हनीफ खुदकन हसला. मलप्पाही हसला. अजून सगळं ठीक चाललं होतं.

"तीन," मी वाचलं. "शाळेत दाखल करताना नजरचुकीने एक जून १९७४ अशी नोंद झाली." नजरचूक नव्हती ती. पण पुढे गेलो. "चार. सदर शाळेचे मूळ दाखल-खारीज रजिस्टर दिनांक तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णवच्या भूकंपात पूर्णतः नष्ट झाले असून, पडताळणीसाठी उपलब्ध नाही."

मी चष्म्यावरून मलप्पाकडे पाहिलं.

"काय म्हनले? परत वाचा."

मी परत वाचलं.

"नष्ट म्हंजे?"

"गेलं. राहिलं नाही."

तिचे हात थांबले. "कसं गेलं? दरसाली सप्टेंबरात हेडमास्तर त्यातली नावं वाचत्यात. मी पुढंच बसते. गेल्या साली वाचली की."

"अव्वा, ते वकिलाचं लिहिणं असतं," मलप्पा म्हणाला. "रजिस्टर आहे म्हटलं की ते लोक त्याच्यातलीच तारीख धरतात. तू अंगठा दे, मला परत जायचंय."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. "गुरुजी, वही हाय का न्हाई?"

आयुष्यभर मी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं मानत आलो. त्यामुळे माझी कुणाशी भांडणं झाली नाहीत, आणि माझा कुणाला उपयोगही झाला नाही. त्या क्षणीसुद्धा मनात एक गोलमाल वाक्य तयार होतं. मग मलप्पानं घड्याळाकडे पाहिलं. आईपुढे बसून, त्या कागदावर, त्या तारखेवर, त्यानं घड्याळाकडे पाहिलं, आणि मी कागद खाली ठेवला.

"आहे," मी म्हणालो. "या गाडीच्या डिकीत आहे. आत्ता शाळेतून उचलून आणलं यानं."

हनीफनं पान थुंकायचं म्हणून तोंड वळवलं.

"गुरुजी!" मलप्पा म्हणाला.

"काय गुरुजी? काय करणार होतास त्याचं?"

"जपून ठेवणार होतो."

"जपून ठेवायचं तर ते शाळेत होतं! एकतीस पोरं आहेत त्यात. तुझं ते सदस्यत्व निम्म्यात पडावं म्हणून ती पुन्हा गाडायची? सव्वा वर्ष थांबला असतास तर तुझी खोटी पन्नाशीसुद्धा भरली असती. सव्वा वर्ष! पत्र्याच्या शेडमध्ये ही बाई दोन उन्हाळे थांबली!"

मी ओरडत होतो. मला माझाच आवाज ओळखू येईना. शेजारच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

मलप्पा उठला. त्याचं शहरातलं बोलणं एका दमात गळून पडलं. "लई झालं, गुरुजी. पयलं खोटं कुनी लिवलं? म्या लिवलं का? तुमी लिवलं. तुमचंच निस्तरून राहिलोय मी. आन भूकंपाचं मला सांगू नका. त्या दिशी तुमी कुठं व्हता? नांदेडला मोदक खात व्हता."

ते लागलं. लागावं म्हणूनच बोलला होता. तीस वर्षं मी स्वतःला तेच म्हणत आलो आहे.

"हनीफ," शिवकांताबाई म्हणाली, "डिकी उघड, बाबा."

हनीफनं मलप्पाकडे पाहिलं.

"उघडायची नाही," मलप्पा म्हणाला.

"सर, पगार तुमचा हाय," हनीफ म्हणाला. "पन अम्मा सांगून राहिली. घरी गेल्यावर माझी अम्मा मला इचारंल, तवा मी काय सांगू?" आणि तो गेला. लाल फडकं तसंच उचलून आणलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिनं हात लुगड्याला पुसले, गाठ सोडली. "माझ्या पोरीचं दाखवा."

मी पान काढलं. अनुक्रमांक दोनशे सतरा. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं नाही, नुसतं पाहिलं. तिला वाचता येत नाही.

"ह्ये घेऊन चालला व्हतास?"

"अव्वा, एक ओळ आहे ती! त्या ओळीनं शिवगंगा परत येणार आहे का? तिचा एक फोटो नाही आपल्याकडं, आणि एका ओळीसाठी..."

"फोटो न्हाई म्हनूनच!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की डहाळ्यांवरची कोंबडी उडाली. "न्हाई म्हनूनच, भाड्या! सगळं त्येवढंच हाय. आन मला तिकडं न्यायचं का न्हाई, ते तरी इचारलंस का?"

"तुला करमलं नसतं..."

"न्हाईच करमलं असतं. म्या आलेच नसते. पन इचारलंस का?"

मलप्पा खाली बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल. पण तो फोन काढून वेळ बघत होता.

"गुरुजी, त्या कागदावर खरं तेवढं ल्ह्या," ती म्हणाली. "पोरगं एक्कावन्न वर्साचं हाय, ते खरं हाय. त्याच्यावर मी अंगठा देते. खोटं बोलून त्याला अडवायचं न्हाई मला."

मी पेन काढलं. तिसऱ्या कलमातला 'नजरचुकीने' खोडून 'माझ्याकडून जाणूनबुजून' लिहिलं. चौथं कलम पूर्ण खोडलं आणि वर लिहिलं, 'मूळ रजिस्टर सुस्थितीत असून देवसांगवीच्या शाळेत आहे.' सही केली. तिला पुन्हा सगळं वाचून दाखवलं. मग तिनं शाईत अंगठा बुडवून कागदावर ठेवला, दाबून.

मलप्पानं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "याचा आता काय उपयोग? हे पाठवलं तर आहे तोही अर्ज फेटाळतील."

"मंग थांब सव्वा वरीस."

"मी थांबत नसतो. दुप्पट भरीन आणि दुसऱ्या वर्गातून जाईन. मला काही कमी नाही."

"जा की. तुला कुनी धरलंय? दुप्पट भर, चौपट भर, समिंदराकाठी बस न्हाईतर समिंदरात बस. पन तिची ओळ घेऊन न्हाई जायचं."

त्यानं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली आणि अखेर ओट्यावर तशीच टाकली. मग गाडीत जाऊन बसला आणि दार आपटलं. हनीफ जाता जाता माझ्याजवळ आला. "निलंग्याची यष्टी साडेचारला हाय, गुरुजी. चौकात उभं ऱ्हावा," असं हळू आवाजात म्हणाला आणि गेला. मोटार माळावरच्या सरळ रस्त्यानं लहान होत गेली. शिवकांताबाई तिकडे पाहत नव्हती. फडक्याची गाठ परत बांधत होती.

मला वाटलं, आता ती मला काही बरं बोलेल. कबूल करतो, तसं वाटलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडावर ओरडलो होतो.

"गुरुजी," ती म्हणाली, "डिकीत टाकताना तुमी बघितलं व्हतं?"

"हो."

"मंग तिथंच का न्हाई बोललाव?"

खोटी जन्मतारीख लिहिताना लागला नव्हता इतका वेळ मला उत्तर द्यायला लागला. "भीती वाटली."

"कुनाची? मल्याची?" ती हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "त्याला पाढे तुमी शिकवल्यात. मी इचारलं नसतं, तर?"

तिनं विचारलं नसतं तर मी काय केलं असतं हे मला माहीत आहे. सही केली असती. नंतर घरी येऊन फार वाईट वाटून घेतलं असतं.

ती उठली. शाळा सुटायच्या आत वही हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायची आणि त्यांना काय बोलायचं ते बोलायचं, असं तिनं मला सांगितलं. वही जड आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी दोन्ही हात पुढे केले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग वही स्वतःच्या कडेवर घेतली आणि माझ्यापुढे चालायला लागली.